उमेचा हिशेब, हॅर्टाच्या नावावर

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू ‘रणांगण’ कादंबरीवर इतकी तापलीस की मला बोलायला फटच मिळेना. ‘असल्या बुळ्या माणसाला नायक कसलं म्हणायचं?’ हे आईने स्वयंपाकघरातून ऐकलं, तिला वाटलं तुझ्या ऑफिसातल्या कुणाबद्दल चाललंय. म्हणून लिहितोय. पत्रात तुला मध्येच तोडता येत नाही.

नायक चक्रधर विध्वंस कचखाऊ आहे, मान्य. पण विश्राम बेडेकरांनी त्याला कुठे ओवाळलंय? १९३९ साली आलेली ही त्यांची एकुलती एक कादंबरी. मधली युद्धाच्या चर्चेची पानं मला आजही जरा लांबल्यासारखी वाटतात, पण माणूस त्यांनी सोडलेला नाही. उमेशी आधी जुळलेलं प्रेमप्रकरण फसल्यावर चक्रधरने मनाशी गाठ मारली, की बायकांशी खेळायचं, गुंतायचं नाही. जहाजावर हॅर्टा भेटते तेव्हाही तो आधी त्याच नजरेने तिच्याकडे बघतो. आणि मग गुंततो.

माझी सगळी नोकरी बीपीटीत, म्हणजे मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये, मालाची मोजदाद करणारा टॅली क्लार्क म्हणून झाली, त्यामुळे कादंबरीत मुंबई जवळ आली की मी वाचायचा थांबतो. त्या काळी विलायतेहून येणारी प्रवासी जहाजं बॅलार्ड पियरला लागत. आमच्या वाट्याला मालाची जहाजंच जास्त आली, पण सुटायची रीत तीच. धक्क्यावरच्या खुंटावरून दोर काढून टाकतात, वरचे खलाशी तो ओढून घेतात, टग जहाजाला बाहेर खेचते, आणि मध्ये हातभर गढूळ पाणी दिसायला लागतं. एवढं मोठं धूड इतकं हळू हलतं की धक्क्यावरच्या माणसाला वाटतं, अजून वेळ आहे, उडी मारली तरी पोचू. असं वाटेपर्यंत ते वावभर झालेलं असतं. मला चक्रधर असा दिसतो.

तो उतरला, कारण हे त्याचं घर. हॅर्टा जर्मन ज्यू. उतरायला लागणारे कागद तिच्याकडे नाहीत. त्या वर्षांत बिनव्हिसा शिरता येईल असं शांघाय हे जवळपास एकच ठिकाण उरलं होतं, आणि हजारो ज्यू सुएझमार्गे, वाटेत मुंबईचा धक्का बघत तिकडे गेले. तेव्हा तिला अडवणारी सरकारं होती हे खरंच. पण ठाम काही बोलायच्या वेळी चक्रधरची जीभ कुणी धरली होती? हिटलरने नाही. तिथे उमा आडवी आली. एकदा फसलेला माणूस पुन्हा विश्वास टाकायला घाबरतो, हे कुणालाही समजेल. फक्त त्याची किंमत उमेने मोजली नाही. जिचा त्या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता, त्या हॅर्टाने मोजली.

तिने समुद्रात जीव दिला, आणि त्याच्या हातात राहिली तिची पत्रं. तू म्हणतेस, नंतर हळहळून काय उपयोग. काहीच नाही. तिची पत्रं एवढी प्रेमाची आहेत की त्याला शिव्यासुद्धा मिळत नाहीत. शिव्या मिळाल्या असत्या तर बिचारा सुटला असता.

आता रागावू नकोस. दिवाळीत तू म्हणालीस, ‘कॉलेजात एकदा पोळले ना, आता मी अशीच.’ मी लग्नाचा विषय काढत नाहीये, शपथ. (आई काढेल, तो तिचा प्रश्न.) पण तो तुझा मित्र, गणपतीत आला आणि आईला मोदक वळू लागून गेला तो. त्याचा फोन आला की तू ‘कामात आहे’ म्हणतेस, हे तूच सांगतेस आणि वर हसतेस. त्याने तुझं काय बिघडवलंय? तुला तो नको असेल तर सरळ नको म्हण, आम्हाला चालेल, त्यालाही कळेल. तुझा राग ज्याच्यावर आहे त्याला तर यातलं काही पोचतही नाही.

पुढच्या खेपेला पुण्याहून येताना पुस्तक आठवणीने आण. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचं आहे, माझ्या नावावर, आणि मुदत संपत आलीये. पेन्सिलीने समासात ‘मूर्ख’, ‘बावळट’ वगैरे लिहिलं असशील, तर आधी खोडरबर फिरव. मागच्या वेळी काउंटरवरच्या बाईंनी एकेक पान उलटून बघितलं होतं.

तुझा,
बाबा