केटामाइन घरी नेण्याचे औषध नव्हे

महोदय,

दोन औषधे पुरेसा काळ घेऊनही न हटणाऱ्या नैराश्यावर केटामाइन या भुलीच्या औषधाने काही तासांत उतार पडू शकतो, हे खरे आहे. पण 'झटपट इलाज' म्हणून त्याची जाहिरात होऊ लागली आहे, ती काळजीची बाब आहे.

शिरेतून नेहमीचा डोस किलोमागे ०.५ मिलिग्रॅम, तोही ४० मिनिटांत सावकाश. ६० किलोच्या रुग्णाला ३० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या बाटलीतले जेमतेम ०.६ मिलिलिटर. हीच बाटली भूल देण्यासाठी वापरतात. ती १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरची समजून सिरिंज भरली, तर डोस पाचपट होतो! म्हणून लेबल दोघांनी वाचावे, औषध सलाइनमध्ये पातळ करून सिरिंज पंपानेच द्यावे. भरभर गेले तर शरीर आपले नाहीच असे वाटून रुग्ण घाबरतो, रक्तदाबही चढतो. आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा मनोविकृतीचा इतिहास असल्यास हे औषध टाळावे.

एस्केटामाइन या केटामाइनच्याच एका प्रकाराच्या नाकातल्या फवाऱ्याला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली, ती किमान दोन तास देखरेखीच्या अटीवर. त्या दिवशी गाडी चालवायची नाही. परिणाम बहुधा आठवडाभरात ओसरतो, म्हणून डोस पुन्हा द्यावे लागतात आणि नेमकी इथेच सवय लागते. दीर्घकाळ गैरवापर झाला तर मूत्राशय आक्रसतो, लघवीतून रक्त जाते.

दर खेपेला रक्तदाबाची नोंद नातेवाइकांनी मागून घ्यावी.

– एक भूलतज्ज्ञ, नाशिक