पखवाज माळ्यावरून खाली काढा

नागोया,
रविवार, सकाळ

ती. बाबा आणि ती. आई यांस,
सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. आई, जेवण वेळेवर होतं आणि मेतकूट अजून पुरतंय. जपानात भूकंप झाला असं टीव्हीवर दिसलं की तो माझ्याच गल्लीत झाला असं समजत जाऊ नकोस. थंडी आहे, पण स्वेटर घालतो, खरंच घालतो.

बाबा, हे पत्र तुमच्यासाठी आहे. फोनवर तुम्ही ‘बरं आहे, आईशी बोल’ म्हणून फोन तिच्या हातात देता. तेव्हा चष्मा लावून हे तुम्हीच वाचा.

माझ्या खोलीखाली छोटी बाग आहे. तिथे रोज सकाळी साडेसहाला पंधरा-वीस म्हातारी माणसं गोळा होतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कुणीतरी गेलं असावं असंच वाटलं. मग एका आजोबांनी खिशातून रेडिओ काढून झाडाच्या फांदीला अडकवला. पियानो सुरू झाला आणि सगळ्यांचे हात एकदम वर गेले. याला ‘राजिओ ताइसो’ म्हणतात, म्हणजे रेडिओवरची कवायत. पहिल्या संचात हात फिरवणं, कमरेत वाकणं, जागच्या जागी उड्या असे १३ प्रकार असतात आणि ते जेमतेम तीन मिनिटांत होतात. मग दुसरा संच. दहा मिनिटांत कार्यक्रम संपतो. १९२८ साली इथल्या टपाल खात्याच्या विमा विभागाने हे सुरू केलं, लोकांची तब्येत चांगली राहावी म्हणून. युद्धानंतर काही वर्षं बंद होतं, १९५१ पासून पुन्हा चालू आहे. शाळेपासूनच करत आल्यामुळे, आपल्याकडे हरिपाठ तोंडपाठ असतो तसं हे यांच्या अंगात मुरलंय. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरंही येतात, गळ्यात कार्ड अडकवून, आणि त्यावर हजेरीचा शिक्का घेऊन जातात.

मला कोडं पडायचं, रेडिओ घरातही लागतो, मग एवढ्यासाठी थंडीत बाहेर कशाला यायचं? उत्तर मिळालं ते बाकावरच्या आजींमुळे. त्या ८४ वर्षांच्या आहेत. उभं राहवत नाही, म्हणून पिशवी शेजारी ठेवून बसल्या बसल्या हात वर करतात. त्यांना कुणी हसत नाही, बसून करायचीही रीत आहे. मध्ये दोन दिवस त्या आल्या नाहीत, तर कवायत संपल्यावर रेडिओवाले आजोबा तडक त्यांच्या दाराची घंटा वाजवायला गेले. इथल्या संशोधकांनी हजारो वृद्धांची वर्षानुवर्षं पाहणी केली, त्यातही एकट्याने व्यायाम करणाऱ्यांपेक्षा चार माणसांत करणारे जास्त काळ स्वतःच्या पायावर राहिलेले दिसले.

बाबा, तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला मला येता आलं नाही. मग मोठा टीव्ही आणि आरामखुर्ची घेऊन दिली आणि फोनवर सांगितलं, ‘आता कुठे जाऊ नका, निवांत पडा.’ तुम्ही माझं ऐकलंत. गुरुवारचं भजन सुटलं आणि तुमच्यासाठी घरी थांबून आईचाही हरिपाठ सुटला. चुकलं माझं. तो सल्ला मी परत घेतो.

मांडी घालता येत नाही, हे कारण मला सांगू नका. खुर्चीवर बसा, पखवाज समोर स्टुलावर घ्या. भजनात तुम्हाला कुणी खाली बसा म्हणणार नाही. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ७५ वर्षांवरच्या ४६९ माणसांची पाहणी झाली होती, २००३ साली ती छापून आली. वाचणारे, पटावरचे खेळ खेळणारे, वाद्य वाजवणारे आणि नाचणारे, यांच्यात स्मृतिभ्रंश कमी आढळला. ज्यांचं डोकं आधीच थकायला लागलेलं असतं ते छंद आधी सोडतात, असंही असू शकतं, हे मला कळतं. पण आई पिठाचा गोळा मळून द्यायची, तो तुम्ही पखवाजाच्या डाव्या पुडीवर, म्हणजे डाव्या बाजूच्या कातड्यावर, थापायचात आणि कान लावून ऐकायचात, तेव्हाचा तुमचा चेहरा मला आठवतो. त्यासाठी मला पाहणी लागत नाही.

आता घरचं. धाकटीच्या लग्नाचे दीड लाख खात्यात टाकलेत, हॉलचा ॲडव्हान्स देऊन टाका. मुहूर्त मेच्या पहिल्या आठवड्यातला काढा, तेव्हा इथे सलग सुट्ट्या असतात. मला पाचच दिवस मिळतील. कमी आहेत, पण नक्की येतो. आई, तू पाठवलेला फोटो पाहिला. मुलगी चांगली वाटते, पण तिला इथे यायचंय का, हे कुणी विचारलंय का? ते कळल्याशिवाय मी होकार देणार नाही, रागावू नकोस. आणि ‘तू कायमचा कधी येणार’ हे दर फोनला विचारू नकोस. मलाही ते रोज सुचतंच.

इथे साडेसहा वाजतात तेव्हा तिकडे पहाटेचे तीन. आई म्हणते, तुम्ही तेव्हा जागेच असता. मग मला फोन करा. मी खाली बागेतच असतो.

तुमचा,
बाळू

ता. क. पखवाजाला शाई भरून घ्यावी लागेल, चामड्याच्या वाद्याही ढिल्या झाल्या असतील. त्याचे तीन हजार वेगळे पाठवलेत, लग्नाच्या हिशोबात धरू नका.