लेहला उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी खार्दुंग-ला: केंद्रीय पर्यटनमंत्र्यांस खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय पर्यटनमंत्री,
नवी दिल्ली.

सविनय जयभीम.

माझे मोठे बंधू या उन्हाळ्यात नागपुरातील एका प्रवासी कंपनीबरोबर लडाखच्या धम्मसहलीला गेले आणि पँगाँग सरोवराच्या काठी, मध्यरात्री, फुप्फुसांत पाणी भरल्यामुळे मरता मरता वाचले. मी त्यांच्यासोबत होतो. हुकलेल्या सहलीचे पैसे महिनाभरात परत करू, असे कंपनीच्या माणसाने लेहच्या रुग्णालयात माझ्यासमोर कबूल केले होते. गेल्या आठवड्यात कंपनीचे पत्र आले. प्रकृतीची जबाबदारी प्रवाशाची असते, अर्जावर त्यांची सही आहे, म्हणून काहीही परत मिळणार नाही, असा त्याचा आशय आहे. आपला वेळ मौल्यवान आहे याची मला जाणीव आहे, तरी हे पत्र आपण स्वतः वाचावे अशी विनंती करतो.

दादा रेल्वेतून निवृत्त झाले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर आमचे वडील उपस्थित होते आणि त्या दिवसापासून आमच्या घरात बुद्ध आहे. सारनाथ, बोधगया, कुशीनगर ही स्थळे दादांनी नोकरीत असतानाच पाहिली होती. लडाख राहिले होते. आलचीच्या त्रिमजली सुमत्सेग मंदिरात मैत्रेयाची, म्हणजे भावी बुद्धाची, भव्य मूर्ती आहे आणि तिच्या धोतरावर बुद्धचरित्रातील प्रसंग रंगवलेले आहेत, हे त्यांनी कुठेतरी वाचले होते आणि ते प्रसंग डोळ्यांनी पाहायचे, एवढ्यासाठी त्यांनी निवृत्तीच्या पैशांतून ही रक्कम बाजूला ठेवली होती. विजयादशमीला दीक्षाभूमीच्या रस्त्यावर जी पत्रके वाटली जातात, त्यांपैकीच एका पत्रकावर थिकसे, हेमिस, आलची, दिस्कित अशी गोम्पांची, म्हणजे तिथल्या बौद्ध मठांची, नावे ठळक छापलेली होती. कोणत्या रात्री किती उंचीवर झोपायचे, हे त्यात कुठेही नव्हते.

मंत्रिमहोदय, नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे आणि लेह ३,५०० मीटरवर. सकाळी नागपुरात ऊन सोसणारा माणूस दिल्लीमार्गे विमानाने लेहला उतरतो, तेव्हा त्याच्या प्रत्येक श्वासात इथल्याच्या दोनतृतीयांश एवढाच प्राणवायू असतो. म्हणून पहिले दोन दिवस निव्वळ विश्रांती घ्यावी, हे लेहचे प्रशासन सांगते, तिथला प्रत्येक डॉक्टर सांगतो आणि चहा देणारा मुलगासुद्धा सांगतो. आम्हाला उतरल्या दिवशी संध्याकाळी शांतिस्तूपावर चढवण्यात आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खार्दुंग-ला खिंडीवर नेण्यात आले. ती खिंड सुमारे ५,३५० मीटर उंच आहे आणि तिथे प्राणवायू नागपूरच्या निम्म्यावर येतो. दादांना तिथेच उलट्या सुरू झाल्या. सहल व्यवस्थापकाने त्यांना लिंबूपाणी दिले आणि गटाचे फोटो आटोपून गाड्या नुब्राच्या खोऱ्यात उतरवल्या.

नुब्रा तुलनेने खाली, तीन हजार मीटरच्या आसपास आहे. तिथे दादांना थोडा आराम पडला आणि दिस्कितच्या गोम्पाखालची १०६ फुटी मैत्रेयमूर्ती त्यांनी पाहिली. मी तेव्हाच व्यवस्थापकाला म्हणालो की आम्हाला इथे आणखी एक रात्र राहू द्या, किंवा थेट लेहला परत पाठवा. पुढची हॉटेले आरक्षित आहेत, एका माणसासाठी कार्यक्रम बदलता येत नाही, असे उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशी श्योक नदीच्या वाटेने आम्हाला पँगाँगला नेले, म्हणजे एका दिवसात झोपण्याची जागा सुमारे १,२०० मीटरने वर गेली. तीन हजार मीटरच्या वर एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा अधिक चढू नये, हा पर्वतीय वैद्यकातला अगदी प्राथमिक नियम आहे. तो मला आता पाठ झाला आहे. सहल आखणाऱ्याला तो पैसे घेण्यापूर्वी ठाऊक असायला हवा होता.

त्या रात्री तंबूत दादांना आडवे होता येईना. बसून राहिले तरी धाप लागत होती, ओठ निळे पडले होते आणि पहाटेच्या सुमारास खोकल्यातून गुलाबी फेस येऊ लागला. गाडीतले ऑक्सिजनचे नळकांडे उघडले तर ते रिकामे होते. या आजारावरचा पहिला उपचार म्हणजे रुग्णाला तातडीने खाली नेणे. परंतु पँगाँगहून लेहच्या रुग्णालयात जायचे तर आधी चांग-ला खिंड ओलांडावी लागते आणि ती खार्दुंग-लाइतकीच उंच आहे. म्हणजे ज्या माणसाला उंचीने मारायला घेतले आहे, त्याला वाचवण्यासाठी आणखी हजार मीटर वर न्यावे लागते. हे ज्याला ठाऊक आहे, तो वृद्धांना अशा घाईने पँगाँगला मुक्कामी नेत नाही. वाटेत लष्कराच्या जवानांनी ऑक्सिजन दिला, म्हणून दादा त्या खिंडीपलीकडे जिवंत पोहोचले. त्या जवानांचे उपकार मी विसरणार नाही. लेहच्या डॉक्टरांचेही नाही.

दादा आता घरी आहेत. जिना चढताना थांबतात, रात्री दचकून उठतात आणि श्वास चालू आहे ना, हे मला विचारतात. आलची त्यांनी पाहिली नाही. थिकसेही पाहिले नाही.

यातली सर्वांत संतापजनक गोष्ट पुढे आहे. आलची सिंधूच्या काठी सुमारे ३,१०० मीटरवर, म्हणजे लेहपेक्षा खाली आहे. लेहला दोन दिवस विश्रांती घेऊन आधी आलची, मग थिकसे आणि हेमिस, त्यानंतर नुब्रा आणि अंगात बळ असेल त्यानेच शेवटी पँगाँग, असा क्रम लावला असता तर शरीराला सवय झाली असती आणि ज्या गोम्पांसाठी माणसे पैसे भरतात, त्या आधीच पाहून झाल्या असत्या. श्रीनगरहून रस्त्याने गेल्यास २,६७६ मीटरवरच्या कारगिलला मुक्काम करता येतो आणि चढ पुष्कळ सौम्य होतो. पण सरोवराचा फोटो विकला जातो, म्हणून सरोवर आधी आणि धम्म शेवटच्या दिवशी, विमानाच्या वेळेत बसला तर. आमच्या गटातल्या उरलेल्या लोकांना थिकसेचा पंधरा मीटर उंच मैत्रेय वीस मिनिटांत दाखवण्यात आला, असे मला नंतर कळले. आम्ही नागपूरचे लोक त्रिशरण आणि पंचशील पालीतून म्हणत मोठे झालो आहोत. तिथला वज्रयान संप्रदाय, पद्मसंभव, तारा, मंडले हे सारे आमच्यासाठी नवे आहे आणि ते समजावून सांगणारा एकही माणूस धम्मसहल म्हणून विकलेल्या या प्रवासात नव्हता.

आता मी आपल्याला सरळ विचारतो. या देशात सहली विकणाऱ्याने पर्यटन मंत्रालयाची मान्यता घ्यायची की नाही, हे त्याच्या मर्जीवर का आहे? आपली मान्यता योजना ऐच्छिक आहे. ज्याला नियम पाळायचे नाहीत, तो मान्यता मागायला येतच नाही. पण त्याच सहलीवर सरकार ५ टक्के वस्तू व सेवा कर मात्र सक्तीने घेते. कर सक्तीचा आणि सुरक्षा ऐच्छिक, ही कोणत्या राज्यकारभाराची रीत झाली? युरोपीय संघात सहल विकणाऱ्याची जबाबदारी १९९० पासून कायद्याने ठरलेली आहे. आमच्याकडे मला एका सरकारी कार्यालयातून दुसऱ्यात पाठवण्यात आले आणि तिथून सांगण्यात आले की कंपनी खाजगी आहे, आम्ही काही करू शकत नाही. मग ग्राहक मदतवाणीचा १९१५ हा क्रमांक फिरवला. तक्रार नोंदली गेली आणि तीही त्याच कंपनीकडे उत्तरासाठी गेली, जिचे उत्तर मी आपल्याला वर सांगितले.

केंद्राच्या स्वदेश दर्शन या पर्यटनविकास योजनेत हिमालयीन परिक्रमा, म्हणजे पर्यटनमार्ग, ठरवली गेली, बौद्ध परिक्रमाही ठरवली गेली. कमानी उभ्या राहतात, माहितीफलक लागतात, पायऱ्यांना फरशी बसते. २०११ च्या जनगणनेत ज्या लडाखची लोकसंख्या २ लाख ७४ हजार होती, तिथे २०२२ साली पाच लाखांहून अधिक पर्यटक गेले, आणि पर्यटन वाढले म्हणून आपण सारे टाळ्या वाजवतो. हिमनद्यांच्या पाण्यावर जगणाऱ्या त्या मुलखाला इतक्या माणसांचे पाणी आणि कचरा पेलतो का, आजारी पडणाऱ्यांसाठी खाटा पुरतात का, हे कोणी विचारत नाही. माणसे किती आली, ते मोजले जाते. त्यांतली किती ऑक्सिजनच्या नळीसह परतली, तो आकडा पर्यटनाच्या एकाही जाहिरातीत मी पाहिलेला नाही. या देशात नियम अपघातानंतर होतो आणि तोसुद्धा मेलेली माणसे पुरेशी असली तरच होतो, असे मी आता म्हणतो, आणि चाळीस वर्षे विद्यार्थ्यांना नागरिकशास्त्र शिकवलेल्या माणसाला हे लिहिताना यातना होतात.

माझ्या मागण्या फार नाहीत. तीन हजार मीटरपेक्षा उंच प्रदेशातली सहल विकणाऱ्याला नोंदणी सक्तीची करावी. प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाची उंची पत्रकावर छापणे बंधनकारक करावे, म्हणजे निदान घरातला डॉक्टर ती पाहू शकेल. विमानाने लेहला उतरणाऱ्या गटाला पहिल्या दोन रात्री तिथून वर नेण्यास मनाई असावी. प्रत्येक गाडीत भरलेले नळकांडे आणि रक्तातील प्राणवायू मोजण्याचे यंत्र असावे, आणि ते आहे की नाही हे चौकीवर तपासले जावे. आजारी पडलेल्या प्रवाशाला खाली आणण्याचा खर्च कंपनीने करावा व न झालेल्या सहलीचे पैसे परत द्यावेत. जबाबदारी झटकणारी बारीक अक्षरातली सही याबाबतीत ग्राह्य धरू नये.

दादांचे पैसे मी नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात मागणार आहे, त्यासाठी आपली मदत नको. आपल्याकडून मला लेखी उत्तर हवे आहे, आणि ते पत्र मिळाल्याची पोच म्हणून नको. नोंदणी सक्तीची करणार की नाही, आणि करणार असाल तर कोणत्या तारखेपासून, एवढेच त्यात लिहावे. विजयादशमीला दीक्षाभूमीवर पुन्हा लाखो लोक येतील आणि पुढच्या उन्हाळ्याच्या लडाख सहलींची पत्रके त्याच रस्त्यावर वाटली जातील, म्हणून उत्तर त्याआधी यावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
इंदोरा, नागपूर