मराकेशच्या वाटाड्यास, आईच्या वतीनेही

आदरणीय वाटाडे बंधूंस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

दिवाळीच्या सुट्टीत आपण मला आणि माझ्या आईला आठ दिवस मोरोक्को दाखवलात, त्याबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. विमानतळावर निरोप घेताना मी अरबीत ‘शुक्रान’, म्हणजे आभार, म्हटले, तेव्हा आपण हसून ‘आमच्या डोंगरात तानमिर्त म्हणतात’ अशी दुरुस्ती केलीत. तो शब्द तेव्हा घाईत उच्चारला. आज सावकाश लिहिते आहे. आपले नाव कोठे छापू नये, ही आपली इच्छा पाळली आहे. पत्र मराठीत आहे याचे कारण आई. आठही दिवस ती आपल्याशी मराठीतच बोलली, आणि मधल्या माझ्या इंग्रजीची तुम्हा दोघांना फारशी गरज नव्हती असे तिचे ठाम मत आहे. अनुवाद सोबत जोडला आहे.

फेसच्या पहिल्या सकाळचीच गोष्ट घ्या. आठव्या शतकाच्या अखेरीस वसलेल्या त्या शहराच्या गल्ल्यांत मोटार शिरत नाही, सामान खेचरांवरून जाते, आणि मागून ‘बालक! बालक!’ अशी हाळी आली की बाजूला व्हायचे असते. आईला वाटले, कोणाचे मूल हरवले आहे, आणि ती रस्त्याच्या मधोमध थांबून मुलाला शोधू लागली. आपण तिचा हात धरून तिला भिंतीकडे ओढले, खेचर गेल्यावर त्या शब्दाचा अर्थ ‘सांभाळा’ असा होतो हे सांगितले आणि मराठीत बालक म्हणजे काय ते कळल्यावर स्वतःही मनमुराद हसलात. करावियीन मशिदीत मुस्लिमेतरांना प्रवेश नसतो, पण इ. स. ८५९ मध्ये ही वास्तू फातिमा अल-फिहरी या स्त्रीने उभारली असे परंपरा सांगते, एवढे कळल्यावर चौथीत शाळा सुटलेली माझी आई त्या उघड्या दारापुढे बराच वेळ उभी राहिली. आपण घड्याळाकडे पाहिले नाहीत.

शुआराच्या चर्मालयात चुना आणि कबुतरांची विष्ठा यांच्या हौदांतून कातडी मऊ करतात, त्या दर्पावर उतारा म्हणून पाहुण्यांच्या हातात पुदिन्याची काडी देतात. तेथे मांडीपर्यंत पाण्यात उभ्या असलेल्या माणसांचे छायाचित्र मी घेऊ लागले, तेव्हा ‘त्यांना विचारून घ्या’ असे आपण हळूच म्हणालात. वरच्या दुकानात शिरण्यापूर्वी ‘येथे माझे कमिशन असते, तेव्हा घाईने काही घेऊ नका’ हेही आपणच सांगितलेत. धंद्यात राहून असे बोलणारा माणूस मला आजवर भेटला नव्हता. मराकेशच्या जेमा एल-फना चौकाविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे, म्हणून तो विषय सोडते.

आमच्या सहलीच्या कागदावर तिसऱ्या ओळीत ‘बर्बर खेडे: २ तास’ असे छापले होते. मराठीत बर्बर म्हणजे रानटी; ज्यांची भाषा कळत नाही त्यांना हिणवणाऱ्या जुन्या ग्रीक शब्दाशी त्याचे नाते सांगतात. आपण स्वतःला अमाझिघ म्हणवता, त्याचा अर्थ ‘स्वतंत्र माणूस’ असा सांगितला जातो, आणि २०११ च्या राज्यघटनेने आपल्या भाषेला अरबीबरोबर राजभाषेचे स्थान दिले, हे सारे आपण रस्त्यावरच्या पाट्यांवरील तिफिनाघ लिपीतली अक्षरे दाखवत सांगितले. या पत्रात पुढे तो कागदावरचा शब्द येणार नाही.

आता त्या दोन तासांविषयी. तिझी न तेस्त घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आपण गाडी थांबवलीत आणि म्हणालात, की ८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री झालेल्या ६.८ तीव्रतेच्या भूकंपात या भागातली खेडी पडली, सुमारे ३,००० माणसे गेली, आणि पडलेली घरे पाहायला लोकांना नेणे आपल्याला आवडत नाही. म्हणून कागदावरचे गाव वगळून दुसरे काही दाखवू का? तोवर गप्प असलेल्या आईने विचारले, ‘घरे कशाची होती?’ आपण म्हणालात, ‘दगड, माती, लाकूड, आणि वर मातीचे सपाट छत.’ आई म्हणाली, ‘म्हणजे माळवद.’

तेव्हा मला आपल्याला सांगावे लागले, की आई किल्लारीजवळच्या गावची आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जनाहून लोक परतून नुकते झोपले असताना, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत असाच भूकंप झाला. मातीत रचलेल्या दोन-दोन फूट जाडीच्या दगडी भिंती आणि गळती थांबावी म्हणून वर्षानुवर्षे मातीचे थर चढवत जड झालेली माळवदे झोपलेल्यांच्या अंगावर आली. सुमारे १०,००० माणसे गेली, त्यांत माझी आजी आणि एक मामा होते. आपण काही बोलला नाहीत. फोन काढून आपल्या मावशींना लावलात, आणि गाडी उजवीकडच्या कच्च्या रस्त्याला वळवलीत.

मावशींनी ‘गनपावडर’ नावाचा हिरवा चहा, पुदिना आणि साखरेचा खडा घालून उंचावरून चहा ओतला, भट्टीतली रोटी आणि आमलू पुढे ठेवले. बदाम, मध आणि आर्गन तेलाचे ते वाटण आईला शेंगदाण्याच्या कुटाचे श्रीमंत चुलतभावंड वाटले. आई अर्ध्या उभ्या राहिलेल्या जुन्या घराच्या भिंतीवर हात फिरवून आली. मग तिने विचारले, ‘यांना रात्री झोप लागते का?’ आपण विचारलेत, आणि मावशी म्हणाल्या, ‘दार उघडे ठेवून.’ आई म्हणाली, ‘मी आजसुद्धा चपला उशाशी ठेवते.’ हे वाक्य मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हते. आपण दोन्हीकडचा एकेक शब्द नेऊन पोहोचवत होता, त्यांत आपले काही घालत नव्हता आणि गाळतही नव्हता. मग शेताचा पाट दाखवायच्या निमित्ताने आपण मला बाहेर घेऊन गेलात. पाण्याच्या पाळ्या घराघराला तासांवर कशा वाटल्या आहेत आणि घरांआधी पाट का दुरुस्त केला हे आपण सांगत होता, पण माझे लक्ष मागे होते. अर्ध्या तासाने परतलो तेव्हा एकही सामायिक शब्द नसलेल्या त्या दोघी अक्रोड फोडत बसल्या होत्या. दोन तासांचे पाच तास झाले, पुढचा धबधबा राहिला, आणि उशिराबद्दल आपल्या कचेरीकडून आपल्याला बोलणी खावी लागली हे मला नंतर कळले. त्या बोलण्यांबद्दल क्षमस्व.

एसाउइराच्या वाटेवर झाडावर चढवलेल्या बकऱ्यांपाशी आपण गाडी थांबवली नाहीत. त्या बकऱ्या पर्यटकांसाठी चढवून ठेवतात, एवढेच म्हणालात. अठराव्या शतकात सुलतान मोहम्मद बिन अब्दुल्लाने आखून घेतलेले ते बंदर, तटावरच्या तोफा, निळ्या होड्या आणि अंगावर उभे राहू न देणारा वारा हे सर्व सुंदर होते. रेवदंडा-वसई पाहिलेल्या मला पोर्तुगीज १५०६ मध्ये येथेही किल्ला बांधून गेले होते हे ऐकून नवल वाटले नाही. आईला मात्र ग्नावा वादकांचे लोखंडी चिपळ्यांसारखे कराकेब आवडले. वारीतल्या टाळांच्या सवयीने तिने दुसऱ्या आवर्तनातच ठेका धरला, आणि आपण तिला वादकांजवळ बसायला जागा करून दिलीत.

मावशींनी दिलेल्या अक्रोडांपैकी पाच आईने देव्हाऱ्यात ठेवले आहेत, बाकीचे वाटले. तिची एक विनंती आहे. मावशींचे नवे घर बांधून झाले की त्याचे छायाचित्र पाठवावे, आतले नको, छताचे. माळवद घातले की स्लॅब, हे तिला पाहायचे आहे. आणि स्लॅब असेल तर उन्हाळ्यात वर ओले गोणपाट टाकावे, असा निरोप आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
आठ दिवसांची प्रवासी
पुणे