पावडर राहू द्या, ताट वेळेवर वाढा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत धावणाऱ्यांच्या आहाराविषयी लेख येतात, त्यांची कात्रणं मी जपून ठेवते. धावणारी मी नव्हे. बस सुटत असली तरी मी धावत नाही. धावते माझी सून, आणि तिच्या नादाने आता मुलगाही. रांधते मी. नोकरीभर रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे ओट्यावर वजनकाटा असतो आणि ग्रॅमची भाषा मला कळते. तक्रार अशी की हे सगळे लेख धावणाऱ्याला उद्देशून असतात. शेगडीपाशी जो उभा आहे त्याला त्यातून काही हाती लागत नाही. ‘प्रथिनं भरपूर घ्या, लोह घ्या, पाणी प्या’ एवढ्यावर कुकर लावता येत नाही. शेजारच्या चौकटीत पाककृती असते, तिच्यात सतरा जिन्नस, आणि फोटोत वाटीबाहेर मुद्दाम सांडलेल्या बिया. त्या नंतर कोण गोळा करतं, हा माझा जुना प्रश्न आहे.

माझं म्हणणं थोडक्यात सांगते. शाकाहारी धावणाऱ्याला वेगळे पदार्थ लागत नाहीत. नेहमीचंच अन्न लागतं, पण जास्त आणि वेळेवर.

आधी मापाचं बोलू. ढोबळ हिशेब असा की एक किलोमीटर धावताना दर किलो वजनामागे साधारण एक कॅलरी खर्च होते. सून ५८ किलोची. रविवारी ती २० किलोमीटर धावते, म्हणजे साडेअकराशे कॅलरी सकाळी सकाळीच संपल्या. रोजच्या जेवणावर एवढं अन्न जास्तीचं जायला हवं. आणि नेमकं याच दिवशी ‘आता हलकंच खाते’ म्हणत वाटीभर काकडी-टोमॅटो खाणारी मंडळी तिच्या गटात आहेत. असं महिनोन् महिने चाललं की शरीर काटकसर सुरू करतं. बायकांची पाळी लांबते किंवा बंदच होते, हाडांना बारीक तडे जातात. पाळी थांबली याचा अर्थ सराव जोरात चाललाय असं समजणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांनी डॉक्टरकडे जावं आणि त्याआधी पोटभर जेवावं. आपल्या लेखांत वजन कसं घटेल ते पुष्कळ असतं, हे मात्र माझ्या एकाही कात्रणात नाही.

प्रथिनांवरून तर घरात पावडरचा डबाच येऊ घातला होता. गटातल्या कुणीतरी तिला सांगितलं की शाकाहाऱ्यांचं त्याशिवाय भागत नाही. मी कागद घेतला. नियमित लांब पल्ला धावणाऱ्याला दर किलो वजनामागे १.२ ते २ ग्रॅम प्रथिनं पुरेशी धरतात. तिच्यासाठी ८० ग्रॅमचं लक्ष्य ठेवलं. दिवसभरात कोरडं मोजून १०० ग्रॅम डाळ, त्यातून २४. अर्धा लिटर दूध, १६. वाटीभर दही, ७. मूठभर शेंगदाणे, ७-८. उरलेली २५ तांदूळ-गहू मिळून ३०० ग्रॅम धान्यातून येतात, ज्यांना प्रथिनांच्या गप्पांत कुणी मोजतच नाही. झाले ८०. प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यांतलं लायसिन धान्यात कमी, मिथिओनिन डाळीत कमी, म्हणून धान्य आणि डाळ दोन्ही खायची. ती एकाच घासात जायला हवीत असंही नाही, दिवसभरात गेली की पुरे. डबा आला नाही. (शाकाहारावर धावता येतं का असं अजूनही कुणी विचारलं, तर स्कॉट ज्युरेकचं नाव सांगावं. फक्त वनस्पतिजन्य खाणारा हा माणूस वेस्टर्न स्टेट्स ही शंभर मैलांची शर्यत १९९९ ते २००५ सलग सात वेळा जिंकला.)

आता वेळेचं. खरी मेख इथेच आहे. स्नायू आणि यकृत मिळून ग्लायकोजेनच्या रूपात चारपाचशे ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं साठवतात. चांगल्या वेगात धावलं तर ती दीड-दोन तासांत संपत येतात. म्हणजे रविवारची धाव शनिवारच्या रात्रीच शिजते. त्या रात्री माझ्याकडे कडधान्य नाही, कोबी नाही, कच्ची कोशिंबीर नाही, तळण तर नाहीच. पांढरा भात किंवा पास्ता, पातळ शिजवलेली मसूर डाळ, सालं काढलेला दुधी. आठवडाभर कोंड्यासकट सगळं खायला घालणारी मी त्या रात्री मैद्याचा पास्ता वाढते, कारण चोथा आणि चरबी पोटात रेंगाळतात आणि बाराव्या किलोमीटरला आडोसा शोधायची वेळ आणतात. पहाटे उठल्यावर एक केळं आणि मध लावलेला ब्रेडचा तुकडा, बस्स. वाटेत खायला लहान उकडलेले बटाटे, मिठात घोळवून पिशवीत. दीड तासापेक्षा जास्त धावायचं तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जावी लागतात, आणि दीडशे ग्रॅम बटाट्यात ३० मिळतात.

परत आल्यावरचा अर्धा तास कुठल्याच लेखात नसतो. सून दारातच बसते, बूटसुद्धा काढत नाही. कानशिलांवर मिठाची पांढरी रेघ असते, आणि ‘आई, आत्ता काही नको’ हे ठरलेलं वाक्य. भूक मेलेली असते, गरज मात्र तेव्हाच सगळ्यात जास्त. अशा वेळी काय बनवू असं विचारायचंच नाही. बटाटे आदल्या रात्रीच उकडून फ्रिजमध्ये ठेवलेले असतात. ते हाताने मोडायचे, वर गार दही, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, लिंबू. मोठा वाडगा आणि चमचा हातात द्यायचा आणि तिथून निघून जायचं. समोर उभं राहिलं की खात नाहीत. पाच मिनिटांत वाडगा रिकामा होतो आणि मग खरी भूक लागते.

त्यानंतरचं जेवण एकाच भांड्यातलं. तेलात जिरं आणि ठेचलेला लसूण, त्यावर दोन टोमॅटो, मग धुतलेली मसूर डाळ एक वाटी आणि तांदूळ दीड वाटी. हळद, मीठ, सहा वाट्या पाणी. मसुराला भिजवणं लागत नाही, हा तिचा मोठा गुण. शिजत आलं की दोन मुठी चिरलेला पालक, आणि ताटात लिंबू पिळूनच वाढायचं. लिंबू चवीपुरतं नाही. वनस्पतींतलं लोह शरीर कष्टाने शोषतं, क जीवनसत्त्व सोबत असलं की ते काम सोपं होतं. लांब पल्ला धावणाऱ्यांना लोह तसंही जास्त लागतं: थोडं घामातून जातं, शिवाय पावलांच्या आपटण्याने लाल पेशी फुटतात. त्यातून धावल्यानंतर तीन ते सहा तासांनी हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि आतड्यातलं लोहाचं शोषण मंदावतं. म्हणून हे जेवण दुपारपर्यंत ढकलायचं नाही.

आणि चहा! जेवणाबरोबर चहा घेतला की त्यातली टॅनिनं लोह अडवून बसतात, कॉफीही तेच करते. दोन्ही जेवणापासून किमान तासभर लांब ठेवावेत. सुनेने हे एका वाक्यात मान्य केलं. मुलाशी मात्र युद्ध झालं, तह अजून व्हायचा आहे.

एक गोष्ट मात्र माझ्या भांड्यातून निघत नाही, ती म्हणजे बी १२. पालेभाजी कितीही खा, त्यात ते नाही. दूध-दह्यातून थोडं मिळतं. दूधही न घेणाऱ्यांनी गोळी किंवा बी १२ मुद्दाम घातलेले पदार्थ घ्यायलाच हवेत, आणि घेणाऱ्यांनीही तपासणी करून घ्यावी.

तेव्हा विनंती अशी. पाककृती छापाल तेव्हा खाली तीन ओळी द्या: एका माणसामागे प्रथिनं किती, शेगडीपाशी किती वेळ, आणि हे धावण्याआधी खायचं की नंतर. फोटो थोडा लहान झाला तर चालेल. आणि राजम्याची कृती देताना स्लो कुकरचा उल्लेख केलात, तर राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात आधी दहा मिनिटं खळाखळा उकळायचा, हे ठळक अक्षरांत लिहा. मंद आचेवर त्यातलं लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन नष्ट होत नाही आणि उलट्या होतात. शर्यतीच्या आठवड्यात ते कुणालाच परवडणारं नाही.

आपली,
एक नियमित वाचक