कॉर्फ किल्ल्याच्या चढावर सोबत करणाऱ्या बाईंस

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

डॉर्सेटमधल्या कॉर्फ किल्ल्यावर आपण माझ्या वडिलांना जी सोबत केलीत, तिच्याबद्दल आपले जाहीर आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. याच आशयाचे इंग्रजी पत्र किल्ल्याच्या कार्यालयामार्फत आपल्याकडे स्वतंत्रपणे पाठवले आहे. हे पत्र मराठीत लिहिण्याचे कारण असे की, महाराष्ट्रातून अनेकांचे आईवडील उतारवयात मुलांकडे इंग्लंडला येतात, त्यांना किल्ले आणि राजवाडे दाखवायला हौसेने नेले जाते, आणि तिथे त्यांच्या वाट्याला काय येऊ शकते, वाईट आणि चांगलेही, हे त्यांच्या मुलांनी वाचावे असे मला मनापासून वाटते. आपली परवानगी घेतलेली नसल्यामुळे आपले नाव येथे लिहीत नाही.

माझे वडील जुन्नरला शाळेत इतिहास शिकवत असत. शिवनेरी, चावंड, हडसर आणि जीवधन हे किल्ले त्यांनी विद्यार्थ्यांच्या किती तुकड्यांना पायी हिंडून दाखवले याची गणती नाही. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र चढ आला की त्यांना धाप लागते. पाय साथ देतात, पण दम पुरत नाही. आणि ज्या माणसाने सारी उमर इतरांना ‘सावकाश चढा, घाई करू नका’ असे बजावले, त्याला स्वतःसाठी ‘जरा थांबू या’ एवढे म्हणणे फार जड जाते. हे आपल्याला कोणीही सांगितले नव्हते. ते आपण कसे ओळखलेत, याचा विचार मी अजूनही करते.

आपली भेट होण्याआधी जे घडले तेही सांगायला हवे, कारण त्यावाचून आपल्या वागण्याचे मोल वाचकांना कळणार नाही. आमच्याकडच्या प्रवाशांसाठीच सहली काढणाऱ्या एका कंपनीच्या बसने आम्ही दुसरा एक किल्ला पाहायला गेलो होतो. बाबांच्या प्रकृतीबद्दल मी नोंदणीच्या वेळीच लेखी कळवले होते आणि ‘निर्धास्त राहा, ज्येष्ठांची आम्ही विशेष काळजी घेतो’ असे उत्तरही आले होते. प्रत्यक्षात बस वाहनतळावर थांबल्यावर सहल व्यवस्थापकाने बाबांकडे न पाहता मला सांगितले, “आजोबांना इथेच बसू द्या. त्यांच्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होईल. आणि वर आहे तरी काय, नुसते दगड.” बाबा शेजारच्याच आसनावर बसले होते. त्यांनी वाद घातला नाही, मलाही घालू दिला नाही. खिडकीबाहेर दिसणाऱ्या तटाकडे पाहत ते बसून राहिले आणि घरी परतल्यावर, यापुढे मला कुठे नेण्याचा खटाटोप करू नकोस, असे शांतपणे म्हणाले. त्या व्यवस्थापकाला वेळेचे बंधन होते हे मला समजते. पण ज्यांच्याकडून ‘ज्येष्ठांची विशेष काळजी’ या नावाखाली पैसे घेतले, त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत दोन शब्द बोलायला वेळ लागत नाही, आणि किल्ल्यांवर जीव लावलेल्या माणसासमोर ‘नुसते दगड’ म्हणण्याची तर काहीच गरज नव्हती.

त्यानंतर बाबांना कॉर्फला यायला राजी करणे सोपे नव्हते. शेवटी त्यांना या किल्ल्याचा नकाशा दाखवला, तेव्हा जुना शिक्षक जागा झाला. पर्बेकच्या टेकड्यांची चुनखडकाची लांबलचक रांग, तिच्यात पाण्याने कोरलेली खिंड, आणि त्या खिंडीच्या मधोमध सुटी उभी राहिलेली ही टेकडी. “घाटाच्या तोंडावर चौकी बसवावी तसा हा बसवला आहे. नाणेघाट आणि जीवधन यांचे नाते असेच आहे,” असे म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी जाऊ या म्हटले. आम्ही आगगाडीने वेअरहॅमला आलो आणि तिथून स्वानेजकडे जाणारी बस घेतली. सपाट कुरणे आणि झुडपांची माळरानं मागे पडून टेकड्यांच्या त्या फटीत एकदम भग्न बुरूज दिसू लागले, तेव्हा बाबा बसच्या दांड्याला धरून उभे राहिले होते.

बाहेरच्या दरवाजातून आत शिरले की समोर हिरवळीचा रुंद चढ लागतो. तो पाहून मी बाबांकडे पाहिले आणि बाबांनी माझी नजर टाळली. त्याच वेळी आपण पुढे आलात. गळ्यात स्वयंसेवकाची पट्टी, हातात काठी, वय बाबांच्याच आसपासचे. आपण मला काहीही विचारले नाही. बाबांसमोर उभे राहून आपण त्यांनाच विचारलेत, “तुम्हाला काय पाहायची इच्छा आहे?” बाबांनी आपल्या शाळेतल्या इंग्रजीत उत्तर दिले की, किल्ला कसा लढला आणि कसा पडला ते पाहायचे आहे. “मग आपण बरोबरच जाऊ,” असे म्हणून आपण त्यांच्या डाव्या बाजूने चालू लागलात.

थोडे वर गेल्यावर आपण थांबलात आणि काठीने खालच्या गावाकडे बोट केलेत. तिथल्या घरांच्या भिंती आणि किल्ल्याचे तट एकाच करड्या पर्बेक दगडाचे आहेत, आणि १६४६ साली किल्ला पाडल्यानंतर त्याचे कितीतरी चिरे गावातल्या बांधकामांत गेले, असे आपण सांगितलेत. बाबा ऐकत होते. तुम्ही बोलत होता तेवढ्यात त्यांचा श्वास जागेवर आला आणि आपण पुन्हा चालू लागलात. आणखी काही पावलांवर आपण परत थांबलात. या वेळी वरचा बालेकिल्ला दाखवलात, पहिल्या हेन्री राजाच्या काळात, बाराव्या शतकाच्या आरंभी उभारलेला, सुमारे २१ मीटर उंच. पुन्हा चाललो, पुन्हा थांबलो. बाई, मला तेव्हा कुठे कळले की, आपण दर वेळी नेमक्या त्या क्षणी थांबत होतात, जेव्हा बाबांना दम लागू लागलेला असे पण तो अजून चेहऱ्यावर दिसत नसे. थांबण्याचे कारण दर वेळी किल्ल्यातले काहीतरी होते. बाबांचा दम हे कारण एकदाही नव्हते. त्यांना एकदाही ‘थांबा’ म्हणावे लागले नाही, कोणाकडे दिलगिरीने पाहावे लागले नाही, आणि चढून आल्याचा जो आनंद असतो तो त्यांना पुरेपूर, कोणाच्या उपकाराचा ओरखडा न उठता, मिळाला. या पत्रात मी ज्यासाठी आभार मानते आहे ते हेच. बाकीचे सारे याच्या पुढेमागे आहे.

त्या थांब्यांवर आपण लेडी मेरी बँक्स यांची हकिकत सांगितलीत. १६४३ साली इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांचे युद्ध पेटलेले असताना, पती राजाच्या बाजूने दूर गुंतलेला असताना, या बाईंनी मुली, दासी आणि मूठभर शिपाई यांच्या बळावर किल्ला लढवला, तटावर चढणाऱ्यांवर दगड आणि पेटते निखारे लोटले आणि पार्लमेंटच्या सैन्याला वेढा उठवायला लावला. पुढे १६४६ मध्ये दुसऱ्या वेढ्यात किल्ला पडला तो तोफांनी नव्हे. आतल्याच एका अधिकाऱ्याने मदतीची कुमक म्हणून शत्रूचे लोक आत घेतले. हे ऐकताच बाबा मला मराठीत म्हणाले, “फितुरी. दुसरे काय.” आपण त्या शब्दाचा अर्थ विचारलात, आणि आमच्याकडचे बळकट किल्लेही पुष्कळदा असेच गेले, हे बाबा आपल्याला कितीतरी वेळ समजावून सांगत राहिले. आपण मध्येच घड्याळ पाहिले नाही.

नैर्ऋत्येच्या दरवाजाशी आल्यावर मात्र बोलणारे तुम्ही नव्हतात, बाबा होते. किल्ला पुन्हा कोणाच्या उपयोगी पडू नये म्हणून पार्लमेंटने पाया पोखरून आणि सुरुंग लावून तो पाडवला, तेव्हा या दरवाजाचा एक बुरूज कोसळण्याऐवजी उभाच्या उभा उतारावर खाली सरकला. कमानीचे दोन अर्ध आता एकमेकांशी जुळत नाहीत. त्या फटीपुढे बाबा थांबले आणि चावंडबद्दल बोलू लागले. १८१८ साली मराठेशाही बुडाल्यावर इंग्रजांनी जुन्नर परिसरातल्या किल्ल्यांच्या वाटा मोडल्या. चावंडच्या कड्यात खोदलेल्या पायऱ्याही त्यांनी उद्ध्वस्त केल्या. बाबांनी त्या तुटक्या पायऱ्यांवरून शेकडो मुलांना हात देऊन वर चढवले आहे. “तुमच्या लोकांनी आमच्याकडे जे केले ते आधी स्वतःच्या किल्ल्यांवर करून पाहिले होते, हे मी आज डोळ्यांनी पाहिले,” असे ते आपल्याला म्हणाले. क्षणभर मला वाटले की हे बोलणे आपल्याला लागेल. आपण ते नाकारले नाहीत, त्यावर सारवासारव केली नाहीत, उगाच खेदही व्यक्त केला नाहीत. आपण विचारलेत, “मग आता लोक तिथे वर कसे जातात?” इतिहास शिकवलेल्या माणसाला याहून चांगला प्रश्न कोणी विचारू शकत नाही. लोखंडी कठड्यांपासून खडकातल्या खाचांपर्यंत सारे त्यांनी हातवारे करून सांगितले, आणि आपल्याला त्या पायऱ्यांचे छायाचित्र पाहायचे आहे असे आपण म्हणालात तेव्हा त्यांचा चेहरा उजळला.

त्यानंतर आम्ही वरच्या आवारात, जॉन राजाच्या महालाच्या अवशेषांपर्यंत पोहोचलो. बाबा स्वतःच्या पायांनी पोहोचले. वरून पर्बेकची रांग दोन्ही बाजूंना पसरलेली दिसत होती, उतारांवर मेंढ्या चरत होत्या, आणि खालून वाफेच्या इंजिनाची गाडी स्वानेजच्या दिशेने गेली. १९७२ साली बंद पडलेला तो लोहमार्ग हौशी माणसांनी श्रमदानाने पुन्हा उभा केला आणि १९९५ मध्ये गाडी परत कॉर्फपर्यंत आणली, हे आपणच सांगितलेत. किल्लाही १९८२ पासून नॅशनल ट्रस्ट या वारसास्थळे जपणाऱ्या संस्थेकडे आहे आणि तिथली किती तरी कामे आपल्यासारखे स्वयंसेवक पाहतात. आमच्याकडेही सुटीच्या दिवशी फावडी घेऊन गडांवरची गाळाने भरलेली टाकी उपसणारी तरुण मुले आहेत. बाबा त्यांची नावे अभिमानाने घेतात. माझे मत असे झाले आहे की, वास्तू टिकतात त्या सरकारी निधीने टिकत असतील, पण त्या पाहण्याजोग्या राहतात त्या अशा माणसांमुळे, ज्यांना समोरच्या पाहुण्याचे वय, रंग किंवा उच्चार याआधी त्याचे कुतूहल दिसते. सभ्यपणा म्हणजे गोड बोलणे नव्हे. गोड बोलणारे ते उत्तर मला त्या कंपनीकडूनही आले होते. दुसऱ्याला कमीपणा येणार नाही अशी वाट आधीच शोधून ठेवणे आणि ती शोधल्याचे त्याला कळूही न देणे, हे मी आपल्याकडून शिकले, आणि ज्या पिढीने आम्हाला हात धरून चालवले तिच्याशी आम्ही रोज ज्या घाईने वागतो तिच्याकडे त्या दिवसापासून मी वेगळ्या नजरेने पाहते.

खाली उतरल्यावर, आपण सुचवल्याप्रमाणे, आम्ही गावातली किल्ल्याची आणि गावाची एक विसांश आकाराची प्रतिकृतीही पाहिली. विध्वंसापूर्वीचा अखंड किल्ला त्यात पाहून बाबांनी वहीत आराखडा काढला आणि कोणत्या दरवाजाशी आपण त्यांना काय सांगितलेत ते शेजारी लिहून ठेवले. त्या वहीत तुमचा उल्लेख ‘कॉर्फच्या बाई’ असा आहे. आमच्या गावाकडे शाळेतल्या शिक्षिकेला असेच म्हणतात.

बाबा आता जुन्नरला परतले आहेत. चावंडच्या पायऱ्यांची छायाचित्रे त्यांनी एका जुन्या विद्यार्थ्याकडून काढून घेतली असून ती इंग्रजी पत्रासोबत आपल्याला पाठवली आहेत. प्रत्येक छायाचित्रामागे त्यांच्या हस्ताक्षरात माहिती लिहिलेली आहे. आपण कधी महाराष्ट्रात आलात तर आमच्याच घरी उतरावे, असा त्यांचा आग्रहाचा निरोप आहे. पावसाळ्यात कड्याची वाट निसरडी होते, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात यावे, आणि पहिल्या दिवशी चावंडला न जाता शिवनेरीपासून सुरुवात करावी, असे त्यांनी मला मुद्दाम लिहायला सांगितले आहे.

आपली कृतज्ञ,
जुन्नरच्या गुरुजींची मुलगी