तलाठ्याशिवायचा सातबारा

पुणे,
१८ ऑगस्ट २०२५

प्रिय विलास,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर पाऊण तास बोललो आणि ठेवल्यावर लक्षात आलं की त्यातली चाळीस मिनिटं तूच बोलत होतास. म्हणून हे पत्र. कागदावर तुला मधे तोंड घालता येत नाही.

चाळीतला कांदा सडतोय, भाव उठत नाही, आणि त्यात ओंकारने तुला सांगितलं, "पप्पा, मी लिबर्टेरियन आहे." तू मला विचारलंस, "हा कुठला नवीन पक्ष?" मी हसलो, तुला राग आला. अरे, हसलो ते ओंकारला नाही. तुझ्या घरात हे दुसऱ्यांदा घडतंय, म्हणून हसलो. नानांच्या सदऱ्यावरचा शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला आठव. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला महिलांचं अधिवेशन भरलं तेव्हा आपण दोघं पाण्याची पिंपं उचलून उचलून वाकलो होतो, आणि तुझी आई मंडपात पुढे बसून घोषणा देत होती. 'भीक नको, हवे घामाचे दाम' याचा अर्थ काय होता? सरकारने आम्हाला काही देऊ नये, फक्त आमच्या मालाच्या आणि गिऱ्हाइकाच्या मधून उठावं. शरद जोशींनी हे शेतीमालाबद्दल मांडलं. ओंकार तेच पैशाबद्दल मांडतोय. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा तो कॉलेजातून घरी आला होता ना? पोराने ते डोळ्यांनी बघितलंय. त्याचा राग पुस्तकातून आलेला नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. लिबर्टेरियन म्हणजे, मराठीत म्हणायचं तर स्वतंत्रतावादी. माणूस स्वतःच्या अंगाचा आणि कमाईचा मालक. सरकारने फार तर चोर-दरोडेखोर आवरावेत, बाकी हात लावू नये. त्यातले कडवे लोक तेवढंही सरकारकडे द्यायला तयार नसतात. आणि या सगळ्यांची दुखरी नस म्हणजे नोटा छापायचा अधिकार. सरकारने जास्त नोटा छापल्या की तुझ्या खिशातल्या नोटेची किंमत आपोआप घटते. कर लावायचा तर विधिमंडळात बोलावं लागतं. हे न बोलता होतं.

फ्रीडरिश हायेक नावाचा ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञ होता, १९७४ चा नोबेलवाला. त्याने १९७६ मध्ये एक छोटं पुस्तक लिहून सरळ म्हटलं की पैसा सरकारकडून काढून घ्या. खाजगी बँकांना आपापली चलनं काढू द्या, लोक पारखून घेतील, जे टिकाऊ ते चालेल. पुढे १९८४ मध्ये एका मुलाखतीत तो म्हणाला की सरकारच्या हातून हे जबरदस्तीने काढणं जमणार नाही. काहीतरी आडवळणाने, त्यांना थांबवताच येणार नाही असं आणावं लागेल. बिटकॉइन, म्हणजे ओंकारने पैसे घातलेत ते सरकार-बँकेशिवाय चालणारं संगणकावरचं चलन; ते मानणारे लोक हे वाक्य गळ्यात ताईत बांधावा तसं बाळगतात. ओंकारनेही तुला ऐकवलं असेलच.

त्यानंतर आले सायफरपंक. नव्वदच्या दशकातले कॅलिफोर्नियाकडचे संगणकवाले, ज्यांचं म्हणणं की सरकारशी भांडत बसू नका, गणिताने कुलूप असं करा की त्याला उघडताच येणार नाही. डेव्हिड चॉमची डिजिकॅश ही संगणकी पैशाची कंपनी १९९८ मध्ये दिवाळ्यात गेली, कारण कंपनी म्हटली की बुडते. त्यावरून सातोशी नाकामोतो या नावाने लिहिणाऱ्याने धडा घेतला: कंपनीच नको. ३१ ऑक्टोबर २००८ ला त्याने बिटकॉइनवरचा नऊ पानांचा निबंध इंटरनेटवर टाकला, आणि ३ जानेवारी २००९ ला पहिला ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या वहीचं पहिलं पान, तयार केला. त्या ब्लॉकच्या पोटात त्याने त्या दिवशीच्या लंडनच्या 'द टाइम्स'चा मथळा कोरून ठेवलाय: अर्थमंत्री बँकांना दुसऱ्यांदा वाचवण्याच्या बेतात. आपल्याकडे ताम्रपटावर शक घालतात तसा. तारखेचा पुरावाही झाला आणि टोमणाही. स्वतः सातोशीने एकदा लिहिलंय की हे नीट समजावून सांगता आलं तर लिबर्टेरियन लोकांना फार भावेल, पण मला शब्दांपेक्षा कोड बरं जमतं. मला हा माणूस त्या एका वाक्यासाठी आवडतो.

पण विलास, हायेकचं स्वप्न तुमच्या चांदवडला दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी चालू होतं, हे ओंकारला कोणी सांगितलंय का? तुमच्या किल्ल्यावर टांकसाळ म्हणून जे पडकं दाखवतात ते उगाच नाही. चांदवडचा रुपया वेगळा, पुण्याचा अंकुशी वेगळा, अजून पंचवीस गावचे पंचवीस. पेशवाईत कित्येक टांकसाळी सोनारांना परवान्यावर दिलेल्या असत. आणि कुठला रुपया कितीचा हे कोण ठरवी? सराफ. तो वाजवून बघे, कसोटीवर घाशी, वजन करी आणि बट्टा कापी. 'नावाला बट्टा लागला' आपण आजही म्हणतो ते तिथूनच. 'बंदा रुपया' सुद्धा तिथलाच.

नानांच्या देव्हाऱ्यातला तो रुपया आठवतो तुला? लक्ष्मीपूजनाला काढायचे, ताम्हनात दुधाने धुवायचे. एका दिवाळीला त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला होता. कडेकडेने बारीक बारीक ठसे होते, कुठे फुली, कुठे टिंब, एक चांदणीसारखा. मला वाटलं झिजलाय. नाना म्हणाले, "झिजला नाही रे, हे सराफांचे ठसे. ज्याने ज्याने तपासला त्याने आपली खूण मारली." मग ओट्याच्या दगडावर आपटून आवाज ऐकवला होता. आता बिटकॉइनमध्ये एका व्यवहारावर पुढचे ब्लॉक चढत जातात आणि ओंकार 'कन्फर्मेशन' मोजत बसतो, ते मला अगदी त्या ठशांसारखं वाटतं. फरक एवढाच की ठसे फार झाले की तोच रुपया बट्ट्यात जाई, इथे उलट.

त्या मोकळ्या बाजाराचं पुढे काय झालं तेही बघ. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठ्यांच्या टांकसाळींवर निबंध लिहिलाय. परवान्यात वजन ठरलेलं, चांदीचा कस ठरलेला, तरी टांकसाळवाले हिणकस पाडू लागले, तक्रारी झाल्या आणि काही टांकसाळी सरकारला बंद कराव्या लागल्या. बट्ट्याचा बाजार सराफाला पोसत होता. ज्याला पारख नाही, म्हणजे तुझा-माझा पणजोबा, तो दोन्हीकडून कापला जाई.

आणखी एक नाव येतंच. डॉक्टर बाबासाहेबांनी लंडनला डी.एस्सी.साठी जो प्रबंध लिहिला तो रुपयाच्या प्रश्नावर, १९२३ मध्ये छापला. १८९३ पर्यंत कोणीही चांदी घेऊन टांकसाळीत जायचं आणि रुपये पाडून आणायचे; त्या साली ती लोकांना बंद झाली, सरकारला मात्र उघडी राहिली. पुढे चलनाच्या रॉयल कमिशनपुढे बाबासाहेबांनी पहिलीच सूचना केली: टांकसाळ जशी लोकांना बंद तशी सरकारलाही बंद करा. किती रुपये काढायचे याला सरकारच्या मर्जीचा नव्हे, कायमचा आळा हवा. त्यासाठी ते केन्स या नामांकित इंग्रज अर्थशास्त्रज्ञाच्या मताविरुद्ध उभे राहिले. ओंकार हे वाचेल तर उड्या मारेल, कारण बिटकॉइनचा अख्खा डोलारा याच एका गोष्टीवर आहे, की एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या वर कधीच जाणार नाहीत. पण त्याला लगेच बाबासाहेबांचा फोटो लावून पोस्ट टाकू देऊ नकोस. त्याच माणसाने १९४७ मध्ये मोठे उद्योग आणि शेतजमीन सरकारकडे द्या असंही लिहिलंय.

आता बिटकॉइनचं मूळ यंत्र. तुला एका ओळीत सांगतो: तलाठ्याशिवायचा सातबारा. समज, तलाठी नाहीच. गावातल्या प्रत्येक घरी सातबाऱ्याची पूर्ण नक्कल आहे. कोणी काही विकलं की चावडीवर ओरडून सांगायचं. साधारण दहा मिनिटांनी फेरफाराचं एक नवं पान सगळ्यांच्या वहीत एकदम चिकटतं. पान लिहायचा मान कोणाला? आकड्यांचं एक किचकट कोडं जो आधी सोडवेल त्याला, आणि मजुरी म्हणून त्याला नवी नाणी. सुरुवातीला ५०, मग दर साधारण चार वर्षांनी निम्मी, एप्रिल २०२४ पासून ३.१२५. प्रत्येक पानावर आधीच्या पानाचं सील, त्यामुळे मागचं एक पान बदलायचं तर पुढची सगळी कोडी पुन्हा सोडवत यायला लागतं. ही कल्पना अफाट आहे. बँकेत काउंटरवर बत्तीस वर्षं घालवलेला माणूस हे म्हणतोय.

मग माझी अडचण कुठे? तलाठी काढला की गावकी उरते, ती दिसत नाही म्हणून नाही असं नव्हे. २०१६ चा किस्सा ऐक. इथेरियम नावाची दुसरी अशीच वही. त्यावर लोकांनी 'द डीएओ' म्हणून सामाईक फंड केला, नियम सगळे कोडमध्ये, आणि घोषणा अशी की कोड हाच कायदा. जूनमध्ये एकाने कोडमधलीच एक फट शोधून सुमारे ३६ लाख ईथर, म्हणजे त्या वहीतली नाणी, स्वतःकडे वळती केली. कोड हाच कायदा, तर त्याने कायदा कुठे मोडला? पण पैसे बुडालेल्यांत वजनदार लोक होते. महिनाभर वाद झाला आणि जुलैमध्ये बहुतेकांनी ठरवून ते पानच बदललं. थोडे लोक अडून बसले, की पान फाडायचं नाही म्हणजे नाही. त्यांची जुनी वही इथेरियम क्लासिक नावाने अजून चालू आहे. तत्त्वाला चिकटले ते हे थोडेच, आणि त्यांच्या नाण्याला भाव कमी. गावकी बसते म्हणजे याहून वेगळं काय असतं रे? बाबासाहेब सरकारच्या टांकसाळीवर विश्वासले नाहीत तसे गावकीवरही नाहीत. नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत त्यांनी खेड्याची जी सालटी काढली ती ओंकारला वाचायला दे. कोणाची सत्ता नको, एवढं म्हणून ते थांबले नाहीत. मग कोणाची चालेल, हेही विचारलं.

बाकी गमती तर खूप आहेत. एल साल्वादोरने सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइन कायदेशीर चलन केलं आणि दुकानदारांवर ते घ्यायची सक्ती केली. सरकारमुक्त पैसा, सरकारी सक्तीने! जानेवारी २०२५ मध्ये नाणेनिधीच्या कर्जापायी ती सक्ती मागे घेतली. अर्जेंटिनाचा अध्यक्ष मिलेई, ज्याच्या कुत्र्यांची नावंसुद्धा अर्थशास्त्रज्ञांवरून आहेत, त्याने फेब्रुवारीत अशाच एका संगणकी नाण्याची जाहिरातवजा पोस्ट केली, ते काही तासांत कोसळलं. आणि अमेरिकेने मार्चमध्ये बिटकॉइनचा सरकारी साठा जाहीर केला, तेव्हा स्वतंत्रतावादी म्हणवणारे कित्येक नाचले, भाव चढेल म्हणून. नानांनी सरकारी खरेदीवर असा नाच कधी केला नसता. बिल्ल्याची लाज वाटली असती त्यांना.

तरीही मी ओंकारला वेड्यात काढणार नाही. ८ नोव्हेंबर २०१६ नंतरचे आठवडे मी काउंटरच्या आतून बघितलेत. रात्री आठच्या भाषणाने चलनातल्या, किमतीच्या हिशेबाने, सुमारे ८६ टक्के नोटा कागद झाल्या. एक म्हातारी आली होती, लुगड्याच्या पदराच्या गाठीत पाचशेच्या अकरा नोटा, घामाने ओल्या. नवऱ्याला न सांगता साठवलेल्या. नवरा पुढच्याच रांगेत उभा होता, म्हणून ती मला म्हणाली, "साहेब, आकडा मोठ्याने बोलू नका." रिझर्व्ह बँकेनेच पुढे सांगितलं, ९९.३ टक्के नोटा परत आल्या. तेव्हा ज्याला वाटतं की आपल्या पैशावर एका भाषणाचा अधिकार नसावा, त्याला मी चूक कसं म्हणू? पण त्या म्हातारीला बिटकॉइनने काही मदत झाली असती, असंही मला कोणी पटवू नये. तिला लागत होता हळू बोलणारा कारकून.

आता कामाचं. ओंकारने किती घातलेत ते प्रेमाने विचार, दरडावून नको. नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, विकताना १ टक्का टीडीएस, आणि एकातला तोटा दुसऱ्यातून वजा होत नाही. हे गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्येच रिझर्व्ह बँकेचं बँकांवरचं बंधन रद्द केलं. कर्ज काढून घेतले असतील तर मात्र मला लगेच फोन कर. द्राक्षाच्या पैशाला हात लावू देऊ नकोस.

आणि एक फार महत्त्वाचं. तू म्हणालास की त्याने त्याच्या बिटकॉइनच्या किल्लीचे चोवीस शब्द जुलैच्या कालनिर्णयच्या पानामागे लिहून ठेवलेत. अरे, ते शब्द म्हणजेच सगळं. ते गेले तर ना बँक, ना तलाठी, ना कोर्ट परत देणार, आणि दुसऱ्याच्या हाती पडले तर त्याचे झाले. वहिनी जुनी पानं फडताळात डब्यांखाली अंथरतात ना? आज संध्याकाळीच बघ. वाचू नकोस, फोटो काढू नकोस, नुसतं काढून ओंकारच्या हातात दे.

दिवाळीला येतोच आहे. नानांचा रुपया अजून देव्हाऱ्यात आहे ना, तो काढून ठेव. ओंकारला दगडावर वाजवून दाखवायचाय.

तुझा,
सुऱ्या

ता. क. आईचा तो अधिवेशनातला फोटो मिळाला तर मला एक प्रत.